सोळा हजार बाळंतपणं आणि एक सकाळ

युद्धाने पोळलेल्या देशात काही चांगलं घडत असेल, तर वृत्तपत्रांनी ते किती छापावं, यावर माझं आणि आत्याचं फार वर्षं वाजत आलं आहे. आत्या पुण्यात राज्यशास्त्र शिकवायची. तिच्या वर्गात अफगाण मुलं-मुली असत, त्यातली काही सुट्टीत घरी जेवायला येत. मी वृत्तपत्रात डेस्कवर आहे, परदेशाचं पान लावतो. तेव्हा वाद होणारच. त्यातलं एक लांबलेलं बोलणं इथे देतो आहे, कारण हा प्रश्न आमच्या दोघांपुरता नाही.

आत्या: तुला एक तारीख देते. 12 मे 2020. काबूलमधली दश्त-ए-बर्ची वस्ती.

मी: प्रसूतिगृहावरचा हल्ला. पोलिसांच्या वेशात बंदूकधारी आत शिरले, 24 जणांना मारलं. जगभर मोठी बातमी झाली होती.

आत्या: झाली, आणि व्हायलाच हवी होती. त्यात सोळा बाळंतिणी होत्या, काहींना तर कळा सुरू झालेल्या होत्या. एक सुईणही गेली. आता मला सांग, त्याच्या आदल्या वर्षी त्या वॉर्डात बाळंतपणं किती झाली?

मी: ते कोण लक्षात ठेवणार, आत्या?

आत्या: जवळपास सोळा हजार. हजारा समाजाची गरीब वस्ती, आणि 2014 पासून तिथे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने चालवलेला वॉर्ड. तिथल्या बाया रात्री-अपरात्री येत होत्या, बाळ घेऊन परत जात होत्या. जगाला तो वॉर्ड कळला तो एका सकाळी, तोही गोळ्या चालल्या म्हणून. पुढच्याच महिन्यात संस्थेने तिथलं काम थांबवलं. माझी तक्रार हल्ल्याच्या बातमीबद्दल नाही. आधीच्या सहा वर्षांबद्दल आहे.

मी: तक्रार समजते. पण सोळा हजार बाळंतपणं ही बातमी कधीची? स्फोटाला वेळ असते, जागा असते, मृतांचा आकडा असतो. मृत्युदर कमी होतो तो कुठल्या तारखेला? योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या अभ्यासकांनी 1965 मध्येच हे मांडून ठेवलंय: ज्या घटनेची गती वृत्तपत्राच्या गतीशी जुळते ती छापून येते, जी हळूहळू घडते ती सुटते. यात कुणाचा दुष्टावा नाही. रोज रात्री पान सोडावं लागतं.

आत्या: दुष्टावा नाही, हे मान्य. पण सवय तर आहे ना? सवय बदलता येते. शेअर बाजारसुद्धा हळूहळूच चढतो, तरी त्याला रोज जागा मिळते, कारण तो मोजायचा असं तुम्ही ठरवलंय. अफगाणिस्तानात मोजण्यासारखं काय होतं ते ऐक. 2002 च्या सुमारास बदख्शानमधल्या राघ जिल्ह्यात पाहणी झाली. एक लाख जिवंत जन्मांमागे साडेसहा हजारांच्या आसपास मातामृत्यू! म्हणजे दर शंभर बाळंतपणांत सहा-सात बायका जात होत्या. त्या वेळी सगळ्या देशात प्रशिक्षित सुईणी पाचशेसुद्धा नव्हत्या. मग 2003 मध्ये प्राथमिक आरोग्यसेवेची योजना आखली गेली, आणि तालुक्या-तालुक्यातल्या मुली निवडून त्यांना सुईणपण शिकवायला सुरुवात झाली. दहाएक वर्षांत त्या काही हजार झाल्या. मुलगी गावातलीच निवडायची, म्हणजे ती शिकून गावातच परतेल, असं गणित होतं. डोंगरातल्या रस्त्यावर बर्फ साचलं तरी शेजारच्या घरात कुणीतरी असेल, एवढी साधी आणि एवढी मोठी गोष्ट. हिच्यात बातमी नव्हती?

मी: होती. पण ‘सगळं छान चाललंय’ असं सांगणारे कोण होते तेही बघायला हवं. इराक युद्धात अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड हीच तक्रार जाहीरपणे करायचे, की पत्रकार फक्त बॉम्ब दाखवतात, प्रगती दाखवत नाहीत. आणि 2005 च्या नोव्हेंबरात उघड झालं की अमेरिकी सैन्यानेच लिहून घेतलेल्या चांगल्या बातम्या पैसे मोजून इराकी वृत्तपत्रांत छापल्या जात होत्या. अफगाणिस्तानातही तेच. लाखो मुलं शाळेत जातात हे वाक्य प्रत्येक भाषणात असायचं. 2015 मध्ये तिथल्याच शिक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की आधीच्या सरकारात आकडे फुगवले गेले, कागदावर शाळा होत्या, जागेवर नव्हत्या. तीन वर्षं गैरहजर असलेलं मूलसुद्धा पटावर राहत असे. 2019 च्या डिसेंबरात ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अफगाण युद्धाबद्दलच्या अमेरिकी सरकारी मुलाखतींची कागदपत्रं छापली. मुलाखती चारशेहून जास्त माणसांच्या होत्या, आणि त्यांतल्या अनेकांनी आतल्या आत कबूल केलं होतं की यशाचं चित्र रंगवून दाखवलं जात होतं. अशा वेळी आम्ही चांगल्या बातम्यांची रांग लावली असती, तर आम्हीही त्याच खोट्याचे वाटेकरी झालो असतो.

आत्या: हे तुझं सगळ्यात भक्कम म्हणणं आहे, आणि मी ते टाळणार नाही. पण पुढचा प्रश्न विचार. ती बोगस शाळा इतकी वर्षं टिकली कशी?

मी: कारण मंत्रालय खोटं बोललं.

आत्या: मंत्रालयं जगभर खोटं बोलतात. ती टिकली, कारण गावात जाऊन कुणी पट मोजला नाही. आणि खरी सुईणही दिसली नाही, ती त्याच कारणाने. गावात कुणी गेलंच नाही. तुला वाटतं की चांगलं सांगणं आणि खोटं उघडं पाडणं ही दोन उलटी कामं आहेत. मला ते एकच काम वाटतं. जो बातमीदार पट मोजायला जातो, त्यालाच एका गावात ओस पडलेली इमारत सापडते आणि दुसऱ्या गावात झाडाखाली भरलेला मुलींचा वर्ग. न जाणाऱ्याला दोन्ही सापडत नाहीत. मग त्याच्यापुढे दोनच गोष्टी उरतात, सरकारचं पत्रक आणि बॉम्बचा धूर.

(मला हा मुद्दा त्या संध्याकाळचा सर्वांत महत्त्वाचा वाटला. चांगलं की वाईट, हा वाद आपण घालत बसतो आणि बातमीदार पाठवणाऱ्या पैशाचा विषय राहून जातो. 2020 मध्ये अमेरिकेच्या तीन मोठ्या वाहिन्यांच्या संध्याकाळच्या बातमीपत्रांनी वर्षभरातल्या चौदा हजारांहून जास्त मिनिटांपैकी अफगाणिस्तानला दिली ती एकूण पाच मिनिटं. ज्या वर्षी दोह्यात अमेरिका आणि तालिबान यांच्यात करार झाला, त्या वर्षी. अमेरिकेचं सैन्य तेव्हा अफगाणिस्तानातच होतं. पाच मिनिटांत ना प्रगती मावते, ना अधोगती.)

मी: जाणाऱ्यांचं काय झालं, तेही लक्षात घे. 30 एप्रिल 2018 ला काबूलमध्ये एक स्फोट झाला, पत्रकार तिथे जमले, आणि त्यांच्यातच मिसळलेल्या माणसाने दुसरा स्फोट घडवला. नऊ पत्रकार गेले. एएफपी वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार शाह मराई त्यात होते. आपला छायाचित्रकार दानिश सिद्दीकी 2021 च्या जुलैत स्पिन बोल्दकला मारला गेला. ही माणसं सनसनाटीसाठी जात नव्हती.

आत्या: त्यांच्याबद्दल माझ्या तोंडून वावगा शब्द निघणार नाही. आणि ते अफगाण पत्रकार स्वतःच काय होते? 2001 पूर्वीच्या तालिबान राजवटीत त्या देशात दूरदर्शन संच बाळगायलाही बंदी होती. वीस वर्षांत तिथे वाहिन्या उभ्या राहिल्या, मुली बातम्या द्यायला लागल्या, मंत्र्याला समोर बसवून उलट प्रश्न विचारायला लागल्या. स्फोटाची बातमी आपल्यापर्यंत इतक्या लवकर आणि इतकी नेमकी पोचत होती, ती त्या प्रगतीमुळेच.

मी: बरं, एक अडचण सांगतो, जिचं उत्तर माझ्याकडे नाही. एखाद्या खोऱ्यात मुलींची शाळा चालू आहे. मी तिच्यावर लिहिलं, गावाचं नाव दिलं. तिथे रात्री दारावर धमकीची पत्रं चिकटवली जात, त्यांना शबनामा म्हणत. माझी चांगली बातमी हल्लेखोराला पत्ता देते. नाव गाळलं, तर वाचक म्हणणार, हे कशावरून खरं? मग मी काय करू?

आत्या: याचं स्वच्छ उत्तर नाही. मला वाटतं, निर्णय त्या गावाचा. मास्तरीण म्हणाली नको, तर नको, बातमी कितीही सुंदर असो. पण ‘त्यांच्या सुरक्षेसाठी आम्ही लिहिलं नाही’ असं म्हणायचा हक्क ज्याने तिला विचारलं त्यालाच आहे. ज्याला ती शाळा ठाऊकच नव्हती, त्याने हे कारण देऊ नये.

मी: आणखी एक. आज तिथे सत्तेवर असलेले तालिबान हीच तक्रार करतात: रस्ते सुरक्षित झाले, अफू संपवली, तरी जग फक्त मुलींच्या शाळेचं बोलतं. तुझा नियम त्यांनाही लावशील?

आत्या: (बराच वेळ गप्प राहून) लावावा लागेल. नाही लावला, तर तो नियम नाही, माझी आवड आहे. 2022 मध्ये अफूवर बंदी आली, आणि 2023 मध्ये अफूची लागवड 95 टक्क्यांनी घटली, हे संयुक्त राष्ट्रांनीच मोजलं. ते छापा. त्याच अहवालात आहे की अफू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचं उत्पन्न शंभर कोटी डॉलरहून अधिक बुडालं. तेही त्याच बातमीत छापा. लढाई थांबल्यावर लोक मरायचे कमी झाले, हेही खरंच आहे. दहा वर्षांत एक लाखावर सामान्य माणसं मारली गेली किंवा जखमी झाली होती, त्यांच्या घरच्यांना विचार या शांततेची किंमत. पण ही शांतता मांडताना सांगा की ती आली तेव्हा सहावीच्या पुढच्या मुली घरी बसल्या होत्या. एका हिशेबातून दुसरा वजा होत नाही. दोन्ही आकडे शेजारी शेजारी उभे राहू द्यात.

मी: आपल्याकडेही हेरातच्या सलमा धरणावर 2016 मध्ये भरभरून लिहिलं गेलं. 42 मेगावॉट वीज, शेतीला पाणी. पण पैसा आपला होता म्हणून. उद्घाटनानंतर त्या पाण्याचं काय झालं, हे विचारायला कोण गेलं?

आत्या: हेरातची एक मुलगी होती माझ्या वर्गात. तिने विचारलं होतं, मॅडम, तुमच्या पेपरात आमच्या देशात फक्त मरणं का असतात? तेव्हा मी तिची समजूत घातली. आज वाटतं, तिचा प्रश्न मानापमानाचा नव्हताच. 2024 च्या डिसेंबरात काय झालं, ठाऊक आहे ना?

मी: तालिबानने सुईणी आणि परिचारिकांचं शिक्षणही बायकांना बंद केलं.

आत्या: ही बातमी वाचणाऱ्या किती जणांना कळलं, काय मोडलं ते? राघचा आकडा माहीत नाही, पाचशेपासून हजारांपर्यंतचा प्रवास माहीत नाही. त्यांना ती बंद्यांच्या यादीतली आणखी एक बंदी वाटली. माझ्या मते ती सगळ्यात घातक होती, कारण तिथे कित्येक घरांत बाईला पुरुष डॉक्टरने तपासलेलं चालत नाही. तुम्ही वीस वर्षं उभं राहणं दाखवलं नाहीत, म्हणून पडणं दिसलं नाही.

इथे मी वाद थांबवला. वृत्तपत्रं चांगलं दडवतात, हा आरोप मला अजूनही मान्य नाही. पण जिथे आमचा माणूसच नाही, तिथलं चांगलंही सुटतं आणि वाईटही, आणि सुटलेल्या चांगल्याची किंमत ते मोडताना चुकवावी लागते, हे आत्याचं म्हणणं मी खरं मानतो. म्हणून परदेशाचं पान लावणाऱ्या सगळ्यांकडे, आणि ते पान उघडणाऱ्या वाचकांकडेही, माझं एक मागणं आहे. सुदानमध्ये एप्रिल 2023 पासून युद्ध पेटलं आहे. तिथल्या साध्या तरुणांनी ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ नावाने मोहल्ल्या-मोहल्ल्यात सामुदायिक स्वयंपाकघरं उभी केली, दवाखान्यांना हात दिला. त्यांच्याबद्दल आजच विचारा, आजच लिहा, आजच वाचा. त्यांच्यावर कुणी गोळ्या झाडण्याची वाट पाहू नका.