काल्यानंतरचा दिवस

शिरूर आणि दौंड तालुक्यांत गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतात. पहाटे काकडा, दिवसा गाथा-भजन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि जागर. एवढे दिवस तंबाखूची चंची खुंटीला राहते, गुत्त्याकडे पाऊल वळत नाही, पहाटे चारला उठणे जड जात नाही. शेवटी काल्याचे कीर्तन होते, हंडी फुटते, मांडव सुटतो. दुसऱ्या पहाटे कर्णा वाजत नाही. त्या पहाटेचे काय, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

सप्ताहात गाव आपल्याला धरून असते. वारीतही तसेच. तुकोबांच्या पालखीबरोबर लोणीहून निघालो, यवतला पिठलं-भाकरी खाल्ली, वरवंडला टेकलो, की पुढे पाय आपोआप चालतात. घरी आल्यावर मात्र ज्याचे त्याला चालावे लागते.

आणि नेमके काल्याच्या भरात माणूस संकल्प सोडतो. तोही केवढा! उद्यापासून तीनला उठणार, हरिपाठाचे २७ अभंग, वर ज्ञानेश्वरीचा अध्याय, तंबाखू बंद, चहासुद्धा बंद. ऊसवाल्याला पक्के ठाऊक असते की दोन दिवसांनी शेतीची वीज रात्रीची येणार आणि बारे देतादेता उजाडणार. तरी नेम तीनचाच! आमचे मत थोडे कठोर आहे, पण सांगून टाकतो. हा निव्वळ भोळेपणा नसतो. मोडण्याजोगा नेम मन मुद्दाम निवडते. लहानसा नेम मोडला तर माणसाला लाज वाटते. डोंगराएवढा मोडला तर कोणी नावे ठेवत नाही. उलट, झेपला नाही बिचाऱ्याला, म्हणतात.

दुसरी खोड याहून वाईट. एकादशीला चुकून तोंडात घास गेला, की “आता मोडलीच आहे, वाढा पोटभर!” परदेशातल्या मानसशास्त्रज्ञांनाही ही खोड सापडली आहे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, खाणे आवरून धरणाऱ्यांना आधी गोड दूध पाजले आणि मग आइस्क्रीम पुढे ठेवले. दूध न प्यालेल्यांपेक्षा प्यालेल्यांनीच ते जास्त खाल्ले. पोट भरलेले होते, पण नेम मोडलेला होता ना!

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण आम्ही त्याची किंमत पाहिली आहे. भीमेकाठच्या एका गावी आमचा एक टाळकरी होता. बारा वर्षे माळ गळ्यात. एका वरातीत सोयऱ्यांनी आग्रह केला आणि तो प्याला. सकाळी माळ हातात घेऊन आमच्याकडे आला. “बुवा, माझ्याकडून माळेचा अपमान झाला. आता गळ्यात ठेवायची लायकी नाही माझी. देव्हाऱ्यात ठेवतो.” आम्ही काय म्हणालो? “बरं केलंस. निदान ढोंग तरी नाही.” खरेच आम्हाला त्याचे कौतुक वाटले होते. माळ नाही म्हणून त्याचे भजनाला येणे सुटले. भजन नाही म्हणून संध्याकाळ मोकळी झाली. मोकळी संध्याकाळ गुत्त्यावर जाऊ लागली. तीन वर्षांत काविळीने गेला. त्या एका रात्रीतून तो सावरला असता. सकाळच्या सोवळेपणातून सावरला नाही, आणि त्या सोवळेपणाला होकार आम्ही भरला होता.

माळ तुटली तर वारकरी काय करतो? पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत अन्नपाणी घेत नाही. म्हणजे ती केव्हा तरी तुटणार, हे जुन्या माणसांनी धरूनच ठेवले होते. उशीर तेवढा त्यांना मान्य नव्हता. दोऱ्याला जी सोय, ती माणसाला का नसावी? कोणी म्हणेल, ही पळवाट झाली. आमच्या मते नाही. पळवाटेत आधी जेवण होते. इथे आधी माळ, मग भाकरी.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१० साली छापून आला. ९६ जणांनी रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून एक लहानशी गोष्ट करायची होती. ती अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस, कोणाला २५४, असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६ दिवसांचा. एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडले नाही. आपला सप्ताह सात दिवसांचा, हे ध्यानात घ्यावे.

त्या टाळकऱ्याचा मुलगा आता कांदा करतो. कार्तिकीनंतर माळ घालायची म्हणून आमच्याकडे आला. आम्ही विचारले, “रोज काय करशील?”

“सांजवात लागली की हरिपाठ.”

“सगळा?”

जरा थांबला. “रात्रीच्या पाण्याला जायचं असलं तर एकच अभंग म्हणीन, मोटारीपाशी बसून.”

“आणि एखाद्या दिवशी तोही राहिला तर?”

यावर तो खाली पाहत राहिला. बापाची आठवण झाली असावी. आमच्याही डोळ्यांपुढे तीच सकाळ होती. आम्ही त्याच्या गळ्यात माळ घातली आणि उरलेला दोरा त्याच्या हातात दिला.