उघड्या सिमेंटचा न्याय

दोस्तहो, एक सवाल घेऊन बसू. गरिबांच्या मुलखात जावं तिथं तीच ती इमारत का दिसते? चौकोनी, राखाडी, बिनप्लास्टरची, गच्चीवर गजांची टोकं उभी. उस्मानपुऱ्यातल्या गल्लीत तीच, मुंबईच्या वरळीत तीच. शहाणी माणसं नाक मुरडतात, म्हणतात कुरूप! मग सवाल नुसता वाळू-सिमेंटचा राहत नाही. कुरूप कोणी ठरवलं, असा होतो.

आधी हिशेब. घडीव दगडाला पाथरवट लागतो, नक्षीच्या लाकडाला कसबी सुतार. स्लॅबला एक जाणता मिस्त्री, सेंट्रिंगवाला, गज बांधणारा; बाकी सगळे घमेलं उचलणारे हात. आणि या मुलखात हात स्वस्त आहेत. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला बसलेली आपली माणसं पुढं शहरात आली ती घमेलं डोक्यावर घेऊनच. सेंट्रिंगच्या त्याच फळ्या मजल्यामागून मजल्याला लागतात, म्हणून मजले सारखे. सरकार खोल्या मोजतं, काम कमी बोलीच्या ठेकेदाराला जातं. शोभा टेंडरात नसते. ज्याचं घर स्वतःचं, तो पैसा आला की भिंत उठवतो आणि प्लास्टर पुढच्या सालावर ढकलतो. गज उघडे, कारण पोराचं लगीन झालं की वर खोली चढवायचीय. सिमेंटसुद्धा सुखासुखी मिळत नव्हतं. परमिटचा तो काळ. सिमेंटच्या वाटपावरूनच 1982 मध्ये मुख्यमंत्री अंतुल्यांची खुर्ची गेली. नियंत्रण पुरतं उठलं 1989 ला.

म्हणजे हे रूप आपल्या आवडीचं नाही, खिशाचं आहे. पण खिसा काय गरिबाचाच असतो? आपल्या शहरातला बिबीका मकबरा बघा. दिलरस बानूच्या कबरीवरच्या या इमारतीला संगमरवर लागला तो घुमटाला आणि खाली कमरेएवढा. मधे सगळा काळा दगड आणि वर चुन्याचा गिलावा. बादशाही घराण्यालाही काटकसर करावी लागली. फरक एवढाच की त्यांच्याकडं गिलाव्याला पैसा होता. आणि चंदीगडला ल कॉर्ब्युझिएनं सिमेंट उघडंच ठेवलं, तर 2016 मध्ये त्याचा जागतिक वारसा झाला. तेच उघडं सिमेंट आमच्या भिंतीला असलं की झोपडपट्टी. माल एकच, आत राहणाऱ्याची जात-पत बघून सौंदर्यशास्त्र बदलतं.

दुसरे येतात ते वाड्याच्या आठवणी काढत. मातीचं घर, माळवदाचा गारवा! गारवा खरा आहे. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर आग ओकतो, तेही खरं. पण ते माळवद कोणाचं होतं? पाटलाचं, कुलकर्ण्याचं. आमच्या वाट्याला कूड आणि पाचटाचं सप्पर. 27 जुलै 1978 ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाडाभर आमची घरं पेटली. कूड पेटायला किती वेळ लागतो? एक काडी. त्या राखेतून उठलेल्या माणसाला स्लॅब हवा वाटला, तर ती शहराची हौस नव्हे. ती जीव वाचवायची अक्कल आहे. 1948 ला घटना समितीत बाबासाहेबांनी गावगाड्याचं कौतुक झुगारून दिलं, ते उगाच नाही.

तरी मी सिमेंटची आरती करायला बसलेलो नाही. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीच्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकात काँक्रीटनंच उभ्या राहिल्या. 207 इमारती, एकेक खोली 160 चौरस फुटांची. जानेवारी 1974 मध्ये वरळीत दंगल झाली तेव्हा त्या भिंती जळाल्या नाहीत, पण जातही जळाली नाही. सवर्णांच्या चाळी वेगळ्या, बौद्धांच्या वेगळ्या. गावोगावच्या घरकुलांचं तेच. कूड गेला, सिमेंट आलं, वस्तीची नावंही बदलायचं 2020 मध्ये सरकारनं ठरवलं. वेस हलली का?

रशियानं 1955 ला इमारतींवरची नक्षी फर्मान काढून बंद केली आणि पाचमजली एकसारखी घरं बांधली. कंटाळवाणी खरी, पण एकाच जिन्यात कामगार राहिला आणि मास्तरही. तिथला साधेपणा बऱ्याच जणांत वाटलेला होता. इथं साधेपणा फक्त आपल्यासाठी राखीव! साधेपणा गुन्हा नाही. तुझ्यासाठी एवढं बस झालं, हे दुसऱ्यानं ठरवणं हा गुन्हा आहे.

आता माप बघा. शंभर वर्षांपूर्वी चाळीची खोली 160 फूट. 2016 पासून पंतप्रधान आवासचं ग्रामीण घरकुल कमीत कमी 25 चौरस मीटर, म्हणजे 269 फूट. शतकात आमचा माणूस शंभरेक फुटांनी वाढला! बीडीडीच्याच जागेवर भांडून घेतलेली घरं 500 फुटांची आहेत. वरळीत पहिल्या किल्ल्या 2025 ला मिळाल्या. म्हणजे माप निसर्गानं ठरवलेलं नाही, ते रेटलं की सरकतं.

बाबासाहेबांनी परळच्या चाळीत वीसेक वर्षं काढली. भिंतीला रंग नाही म्हणून अभ्यास अडला नाही. पण पुढं राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. घराचं माप तिथून घ्या. स्लॅब गळतो का, उन्हाळ्यात माणूस आत झोपू शकतो का, आणि घरातल्या पोरीला दिवा लावून वाचत बसायला कोपरा आहे का. वस्तीत नवी इमारत आली की आधी हे विचारा. रंगाचं आपण नंतर बघू.