रतामाच्या झुडुपाखाली

शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय १९, वचने १ ते ८



ज्या एलीया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहिला, तोच थोड्या दिवसांनी अरण्यात एका रतामाच्या झुडुपाखाली बसून देवापाशी मरण मागतो, हे वाचून पुष्कळांस नवल वाटते. आम्हांसही पूर्वी वाटत असे. सेमिनरीत शिकत असता आम्ही या अध्यायावर एक उपदेश लिहिला होता, व त्यात एलीयाच्या अल्पविश्वासाचा चांगलाच समाचार घेतला होता. तो कागद आज आमच्यापाशी नाही, हे बरेच झाले.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच मंडळीतील एका भगिनीने आम्हांस हा अध्याय पुन्हा वाचावयास लावला. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला होता. डॉक्टरांनी आठवड्यातून पाच दिवस, याप्रमाणे पंचवीस दिवस किरणांचा उपचार, आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध, व शेवटी आतून द्यावयाचे किरण, असे सांगितले होते. आमच्या लोकांत यास 'लाईट घेणे' किंवा 'शेक घेणे' म्हणतात. पहाटेच्या एस. टी.ने शहरास जावे, पाळी येईपर्यंत बाकावर बसावे, दहापंधरा मिनिटांत काम आटोपावे, आणि दिवेलागणीस घरी यावे, असा तिचा क्रम होता. सतरा दिवस झाले, आणि अठराव्या दिवशी ती गेलीच नाही.

आम्ही तिच्या घरी गेलो. पैशाची अडचण असेल असे वाटले. पण उपचार महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून होत होता. कारण विचारता ती रडू लागली. तेव्हा आम्ही काय केले, हे सांगण्यास संकोच वाटतो, तरी सांगतो. आम्ही म्हणालो, "बाई, प्रभूवर भाव ठेवणाऱ्याने असे खचू नये. विश्वास धरा, रडू नका." तिने पदराने डोळे पुसले व ती गप्प झाली. आम्ही प्रार्थना केली आणि आपले कर्तव्य झाले असे समजून उठलो.

आमच्या पत्नी मात्र मागे राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत. भाजी निवडीत बसल्या. तासाभराने त्या भगिनीचे तोंड उघडले, आणि जे तिने पाळकास सांगितले नाही ते पाळकाच्या बायकोस सांगितले.

पहिल्या दिवशी तिला उंच मेजावर निजविले, अंगावर शाईच्या खुणा केल्या, हलू नका म्हणून बजावले, आणि सर्व माणसे बाहेर निघून गेली. जड दार लागले. यंत्र गुरगुरत तिच्याभोवती फिरू लागले. आपण येथे मेलो तर कोणास कळणारही नाही, असे तिच्या मनात आले. बाहेरची माणसे पडद्यावर तिला सतत पाहत होती, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण ही गोष्ट तिला नीट समजावली गेली नव्हती. रोज ते दार लागे व रोज तोच विचार येई. रात्री झोप येईना, अन्न जाईना. तरी हे सर्व ती सोशीत होती. तिचे पाऊल अडले ते घरातल्या गोष्टीने. कोणी शेजारणीने सांगितले की लाईट अंगात राहते व दुसऱ्यास लागते. तेव्हापासून तिचा पाण्याचा तांब्या निराळा झाला, आणि सुनेने तान्हे मूल तिच्या मांडीवर देणे सोडले. प्रभुभोजनाच्या दिवशी ती सर्वांच्या मागे शेवटच्या रांगेत बसली, यासाठी की प्याला तिच्याकडे सर्वांच्या शेवटी यावा. आम्ही स्वतः तो प्याला तिच्या हाती दिला होता. तिचे मागे बसणे आम्ही नम्रता समजलो.

येथे थोडे थांबून ही लाईट काय आहे ते सांगणे आम्ही जरूर समजतो, कारण या अज्ञानाने आमच्या खेड्यांतून फार दुःख होत आहे. राँटजेन नामक जर्मन विद्वानाने १८९५ साली क्ष-किरण शोधले; पुढे १८९८ साली क्युरी पतिपत्नींना रेडियम सापडले; आणि थोड्याच काळात वैद्यांनी हे किरण कर्करोगावर योजण्यास आरंभ केला. आमच्या इकडे मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. म्हणजे ही काही कालपरवाची, अजमावून न पाहिलेली गोष्ट नव्हे. बाहेरून दिलेले किरण शरीरातून जातात व रोगाच्या पेशींचा नाश करतात. ते अंगात साठून राहत नाहीत. दिवा मालविल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहत नाही, तसेच हे आहे. कोबाल्टच्या यंत्रात किरण देणारी वस्तू काम होताच आपल्या जाड कवचात परत जाते. आतून किरण देतानाही आजकाल बहुतेक ठिकाणी ती वस्तू नळीवाटे काही मिनिटे आत ठेवून परत काढून घेतात. असा रोगी घरी आल्यावर त्याच्या ताटात जेवावे, त्याच्या शेजारी निजावे, मूल त्याच्या मांडीवर द्यावे. कोणास काही होत नाही. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीच्या रोगावर आयोडिनचे औषध पोटात देतात, त्याची गोष्ट वेगळी. तेथे काही दिवस दूर राहावे लागते, व ते डॉक्टर स्वतःच सांगतात.

आता एलीयाकडे वळू. तो आपल्या चाकरास बैर-शेबा येथे सोडून एकटाच अरण्यात एक दिवसाची वाट चालून गेला, हे लक्षात घ्या. तो थकलेला होता, भ्यालेला होता, आणि एकटा होता. आपला जीव नकोसा झाला हे त्याने लपविले नाही. तो उघड देवासच बोलला. देवाने त्यावर काय केले? कर्मेलावरचा अग्नी इतक्यात विसरलास काय, असे विचारले नाही. रडू नको असेही म्हटले नाही. प्रथम त्याला झोपू दिले. मग दूत आला, आणि शास्त्र सांगते की त्या दूताने त्याला स्पर्श केला. बोलणे त्यानंतरचे, आणि तेही एवढेच, की ऊठ व खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याची सुरई उशापाशी होती. तो जेवला व पुन्हा निजला. तरी दूत रागावला नाही. दुसऱ्यांदा आला, दुसऱ्यांदा स्पर्श केला, आणि पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे असे म्हणाला. देवाच्या दूताने ती वाट कठीण असल्याचे कबूल केले! आम्ही पाळक मात्र रोग्यास ती सोपी आहे असे सांगावयास जातो.

आमच्या प्रभूनेही कुष्ठरोग्यास बरे केले तेव्हा नुसता शब्द पुरला असता. त्याने आधी हात लावला.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या वस्तीत कोणी हा उपचार घेत असेल तर आमची चूक तुम्ही करू नका. रोगी रडतो यावरून त्याचा विश्वास गेला असे समजू नका. उपचाराचे दिवस वाढतात तसा थकवा वाढतो. तोंडाचा किंवा घशाचा रोग असेल तर तोंड येते, चव जाते, गिळवत नाही, आणि डोके हलू नये म्हणून तोंडावर जाळीचा मुखवटा बसवून तो मेजास जखडतात. धीट पुरुषांचाही त्यात जीव घाबरा होतो. अशाने तंत्रज्ञास तसे आधी सांगावे. ते थांबून समजावतात. पुष्कळ दवाखान्यांत रोग्यास शून्य ते दहा अशी तापमापकासारखी पट्टी दाखवून, मनाचा भार किती आहे त्यावर खूण करावयास सांगतात, व चार किंवा अधिक आकडा आला तर पुढे चौकशी करतात. पट्टी नसली तरी तुम्हांस विचारता येईल : आज मन किती जड आहे? विचारून मग ऐकत बसावे. दोन आठवडे वा अधिक काळ मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, मरणाचे बोलणे निघत असेल, तर तेही दुखणेच आहे व त्यास औषध आहे. डॉक्टरांच्या कानी घालावे. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

आणखी एक. तेल लावून प्रार्थना करणे झाल्यास कपाळास किंवा हातास लावा. जेथे किरण पडतात त्या कातडीवर डॉक्टरांस विचारल्यावाचून तेल, हळद, काही लावू नये. आणि आता प्रार्थना झाली, उपचार पुरे, असे सांगणारे जे फिरते उपदेशक येतात, त्यांस आम्ही आमच्या व्यासपीठावर उभे करीत नाही. मध्ये खंड पडला तर रोगाच्या पेशींस पुन्हा वाढावयास अवसर मिळतो. तो गुन्हा प्रार्थनेच्या नावावर घालणे आम्हांस सहन होत नाही.

त्या भगिनीचे चार दिवस बुडाले. पाचव्या दिवशी आमच्या पत्नी तिच्याबरोबर एस. टी.त बसल्या, नंतर बायकांनी आळीपाळीने जाण्याचे ठरविले. तंत्रज्ञाने तिला बाहेरचा पडदा दाखविला, आणि सोबतच्या बाईला तेथूनच पाहता येईल अशी व्यवस्था केली. आम्ही तिच्या घरी जाऊन तिच्याच तांब्यातून पाणी प्यालो, व तिची क्षमा मागितली. "जाऊ द्या, पाळकसाहेब," एवढेच ती म्हणाली. सुनेस आम्ही काही बोललो नाही. डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्याच तोंडून तिला ऐकविले. मूल आता आजीच्या मांडीवर असते.

उपचार संपला त्या दिवशी ती आनंदेल असे सर्वांस वाटले होते. परंतु त्यानंतरचे काही आठवडे तिला अधिक जड गेले. रोज जाणे होते तोवर रोगाशी काहीतरी चालले आहे असे वाटे. आता नुसते वाट पाहणे उरले. असे पुष्कळांचे होते, असे डॉक्टर म्हणाले. आणि आमची मंडळी नेमकी त्याच वेळी तिच्याकडे जावयाची थांबली होती.

प्रभुभोजनास ती अजून शेवटच्या रांगेतच बसते. सवय झाली म्हणते. गेल्या खेपेस दोन म्हाताऱ्या बाया तिच्याही मागे जाऊन बसल्या. पुढील महिन्यात तिला तपासणीस जावयाचे आहे. बरोबर कोणी जावे हे या रविवारी उपासनेनंतर ठरवावयाचे आहे.