परकं कुणाला म्हणायचं?

१९६९ साली रॉय काल्न हा ब्रिटिश शल्यविशारद आणि त्याचे सहकारी यांनी डुकरांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष 'नेचर'मध्ये छापले. एका डुकराचं यकृत दुसऱ्याला बसवलं होतं. दोघांचं नातं नाही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही नाहीत. मूत्रपिंड असतं तर शरीराने ते थोड्याच दिवसांत झिडकारलं असतं. यकृत मात्र कितीतरी डुकरांत टिकलं. वर त्याच दात्याचं मूत्रपिंड किंवा त्वचा लावली, तर तीही एरवीपेक्षा अधिक तग धरू लागली.

तोवर 'मी' आणि 'परका' यांची वाटणी जवळपास झालीच आहे असं मानलं जाई. मॅकफार्लेन बर्नेटने तसं मांडलं होतं, आणि पीटर मेडावर व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली उंदरांत दाखवलं होतं, की गर्भावस्थेत भेटलेल्या परक्या पेशींना शरीर पुढे आपलंच समजतं. १९६० चं नोबेल बर्नेट आणि मेडावर या दोघांना मिळालं. आपपरभावाची घडी जन्माच्या आसपास बसते, असा त्याचा सरळ अर्थ होता. काल्नची डुकरं मात्र वाढलेली होती, आणि त्यांच्या शरीराने ही घडी नव्याने बसवली.

यकृतालाच हे का जमावं? उत्तर त्याच्या जागेत आहे. मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त यकृतात येतं आणि त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश भाग आतड्यांकडून येतो. डाळीतल्या प्रथिनांचे तुकडे, आतड्यातल्या जिवाणूंचे अवशेष, सगळं परकंच. प्रत्येकाशी लढाई करायची ठरवली, तर रोजचं जेवण हाच आजार होईल.

यकृतातल्या केशवाहिन्या अरुंद, रक्त संथ. त्यांच्या अस्तरात बारीक भोकं असतात. प्रतिकारशक्तीची गस्तीवरची टी-पेशी त्या भोकांतून पायांसारखे फाटे आत सरकवते आणि थेट यकृतपेशीला स्पर्श करते. इतर अवयवांत अशी गाठभेट सहसा होत नाही. यकृतपेशी तिला परक्या प्रथिनाची ओळख दाखवते, पण हल्ल्याला लागणारा दुसरा इशारा पुरेसा देत नाही. टी-पेशी थोडा वेळ चेतते आणि मग बरेचदा मरून जाते. शेजारच्या कुप्फर पेशी, म्हणजे यकृतातल्या भक्षक पेशी, दाह शमवणारी रसायनं सोडतात. उंदरांत तर यकृतपेशी चेतलेल्या टी-पेशीला अख्खी गिळून संपवते, असंही दिसलं आहे. म्हणजे न लढणं ही इथे निष्क्रियता नाही. ते घडवावं लागतं, आणि त्यासाठी पेशी खर्ची पडतात.

तैत्तिरीय उपनिषदात ब्रह्म म्हणजे काय याचा शोध घेणाऱ्या भृगूला तपाअंती पहिलं उत्तर मिळतं ते अन्न. पुढे तो प्राण, मन, विज्ञान ओलांडून आनंदापर्यंत जातो, म्हणून ती पहिली पायरी वाचक घाईने मागे टाकतात. तिथे थांबायला हवं. देह अन्नाचा असेल, तर 'मी' हा काल परका असलेल्या गोष्टींचाच बनतो. देहाची सीमा पक्की भिंत असती, तर माणूस जगलाच नसता.

पण या सोशिकपणाला संतत्व बहाल करणंही चूक आहे. हिपॅटायटिस बी चा विषाणू याच आडोशाला राहतो. प्रौढपणी संसर्ग झाला, तर शंभरातल्या पाचांहून कमी जणांत तो कायमचा ठाण मांडतो. जन्मावेळी आईकडून झाला, तर जवळपास नव्वदांत. हा विषाणू स्वतः यकृतपेशीची फारशी नासधूस करत नाही. नुकसान होतं ते शरीराने उशिरा, अर्धवट उभारलेल्या हल्ल्याने. जन्मावेळचा संसर्ग असा ठाण मांडतो, म्हणून लशीचा पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांत द्यायचा असतो. मलेरियाचा परजीवीही आधी यकृतातच शिरतो आणि साधारण आठवडाभर कसलंही लक्षण न दाखवता वाढतो. केव्हा सोसायचं आणि केव्हा नाही, हा विवेक यकृतालाही सदैव साधत नाही.

माणसातलं यकृतरोपण डुकरांइतकं सोपं नाही, औषधं लागतातच. तरी मूत्रपिंडासाठी जुळवतात तसे ऊतींचे गट यकृतासाठी जुळवण्याचा आग्रह नसतो. १९९२ साली शल्यविशारद थॉमस स्टार्झल आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षांपूर्वी रोपण झालेल्या रुग्णांची त्वचा आणि लसीकाग्रंथी तपासल्या, तेव्हा तिथे दात्याच्या पेशी वसलेल्या आढळल्या. निवडक रुग्णांची औषधं डॉक्टर आता बारकाईने रक्त आणि यकृताचा तुकडा तपासत हळूहळू कमी करून पाहतात. काहींची ती कायमची सुटतात. बऱ्याच जणांना मात्र पुन्हा सुरू करावी लागतात.