माहेर कोणत्या देशात?

माणसाचा देश कोणता, हे आम्ही बँकवाले पासपोर्ट बघून ठरवतो. पण युरोप फिरताना धाकट्या भावजयीच्या माहेरी, अल्सासला गेलो आणि ताळमेळच बसेना. हा मुलूख १८७१ साली फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला, १९१८ साली परतला, १९४० साली पुन्हा गेला, १९४५पर्यंत पुन्हा परतला. म्हणजे एखाद्या म्हातारीने उंबरठा न ओलांडता चारदा देश बदलला! खातं तेच, हेड ऑफिस निराळं.

इथवर हसू येतं. पण १९४२पासून इथल्या लाखभर पोरांना जबरदस्तीने जर्मन फौजेत घातलं. पळावं, तर शिक्षा घरच्यांना. मग इमान राखायचं कोणाशी? घरच्यांपायी परका गणवेश चढवणाऱ्याला गद्दार म्हणायला माझी तरी जीभ धजत नाही. देश हुकूम सोडतो. माहेर नुसतं ‘जेवलास का?’ म्हणतं. आणि ताटातल्या आंबवलेल्या कोबीला कुठे पासपोर्ट असतो!