ऐकणाऱ्याचा वाटा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या तरुणाची महालेखापालांच्या कचेरीत नेमणूक झाली होती, पण शहरात राहायला जागा नव्हती. हिंदूंच्या हॉटेलात जात विचारली जाणार, म्हणून त्यांनी पारशी नाव नोंदवून एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. गावात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्राला सगळे ऐकून मनापासून वाईट वाटले. पण तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, असे त्याने सांगितले. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारावे लागेल म्हटले, आणि त्या उत्तराचा अर्थ विचारणाऱ्याला कळला. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास बाबासाहेबांनी कमाठी बागेत बसून काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. दोन्ही मित्र शिकलेले होते आणि दोघांनाही अन्याय दिसत होता. त्या रात्री गरज होती ती एका खाटेची, आणि ती देण्याची किंमत मोजायला कोणीच तयार नव्हते.

हा प्रसंग आज आठवण्याचे कारण आहे. मोठ्या कंपन्यांत, बँकांत, विद्यापीठांत 'इन्क्लुजन' (सामावून घेणे) आणि 'ॲलायशिप' (साथ देणे) हे शब्द आता चांगलेच रुळले आहेत. महिला दिनाला, प्राइडच्या महिन्यात, ३ डिसेंबरच्या अपंग दिनाला सभागृहात कार्यक्रम होतो आणि एखाद्या सहकाऱ्याला स्वतःची कहाणी सांगायला बोलावतात. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात, आणि ते भरून येणे खोटे नसते. प्रश्न दुसऱ्या दिवशीचा असतो. कहाणी सांगणाऱ्याने आपले सर्वात नाजूक ते सर्वांसमोर ठेवलेले असते. ऐकणाऱ्याने काय ठेवले? माझे म्हणणे एवढेच आहे की, एखाद्या संस्थेने कोणाला किती सामावून घेतले याचे माप तिथे सांगितल्या गेलेल्या कहाण्यांत नसते. ऐकणाऱ्याने त्या कहाणीच्या खर्चातला किती वाटा उचलला, हे ते माप आहे. परदेशी कंपन्यांनी हे शब्द आणण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्राने हा विचार स्वतःच्या अनुभवातून टप्प्याटप्प्याने घडवला आहे.

त्याची सुरुवात १८५५ सालात दिसते. सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. लिहिणारी जेमतेम चौदा वर्षांची होती. फुले दांपत्याने तिला अक्षर दिले, नियतकालिकाने पाने दिली. शब्द मात्र तिचेच राहिले. पण हे फार काळ टिकले नाही. पुढची कित्येक दशके दलितांच्या दुःखाविषयी प्रामुख्याने इतरच बोलत राहिले. ते बोलणे कळकळीचे होते, तरी त्याची भाषा 'उद्धारा'ची होती, आणि उद्धार करणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा असतो. ही भाषा पुढे कशी बदलली, ते वर्तमानपत्रांच्या नावांतही वाचता येते. सत्यशोधक परंपरेतले १८७७ चे पत्र 'दीनबंधू' होते. म्हणजे दीन कोणी वेगळा आणि त्याला बंधू म्हणणारा वेगळा. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे 'मूकनायक' निघाले. मुक्यांचा नायक आता मुक्यांमधूनच उभा राहिला. त्यानंतर १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. कोणीतरी कीव करावी अशा माणसापासून स्वतःच्या बुद्धीने उभ्या राहिलेल्या माणसापर्यंतचा प्रवास या पाच नावांत आहे.

'मूकनायक'च्या मागे एक पाठीराखा होता. राजर्षी शाहू महाराजांनी या पत्रासाठी अडीच हजार रुपये दिले, पण पत्रात काय छापावे हे सांगितले नाही. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले की बाबासाहेबांच्या रूपाने तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. स्वतः राजा असलेल्या माणसाने पुढारीपण दुसऱ्याकडे सोपवणे ही लहान गोष्ट नव्हे. शाहूंनी २६ जुलै १९०२ रोजी मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, हे आपण शाळेत शिकतो. पण जागा मिळाली म्हणून मान मिळतो असे नाही, हेही त्यांनी ओळखले होते. अस्पृश्यांना समानतेने वागवणे ज्या सरकारी नोकराला मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनाम्याची नोटीस द्यावी, त्याला निवृत्तिवेतन मिळणार नाही, असा हुकूम त्यांनी काढला. आणि हुकुमाच्याही पुढची गोष्ट म्हणजे गंगाराम कांबळे यांचे चहाचे दुकान. हौदाला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या या माणसाला शाहूंनी कोल्हापुरात हॉटेल काढून दिले. मग अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण, हा प्रश्न उरला. तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवत, स्वतः चहा पीत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजत. एका कपाने जात जात नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण त्या कपात त्यांनी स्वतःची प्रतिष्ठा घातली होती, आणि गंगाराम कांबळे यांना त्यासाठी आपली जखम पुन्हा कोणाला दाखवावी लागली नाही.

नियम आणि माणूस यांच्यातले हे अंतर महाडला सर्वात स्पष्ट दिसले. सीताराम केशव बोले या मुंबईच्या लोकप्रतिनिधीच्या ठरावाने १९२३ मध्ये कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले, आणि पुढे महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे उघडे होते, पण २० मार्च १९२७ पर्यंत दलितांना त्याच्या पाण्याला हात लावता आला नव्हता. आणि त्या दिवशी पाणी प्यालेल्यांवर हल्ला झाला. म्हणून निव्वळ धोरणाची प्रत भिंतीवर लावून भागत नाही. त्याच महाडने दुसराही प्रश्न सोडवला: बाहेरच्या माणसाला या लढ्यात जागा आहे का? सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे आणि बापूसाहेब सहस्रबुद्धे हे तिघे दलित नव्हते. ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांनी, चळवळीत ब्राह्मणांना घेऊ नये अशी अट घालून पाठिंबा देऊ केला, तेव्हा बाबासाहेबांनी ती अट नाकारली. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण माणसाला नाही, अशी त्यांची भूमिका होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्याचा ठराव जन्माने ब्राह्मण असलेल्या सहस्रबुद्धे यांनीच मांडला. आजही अनेकदा म्हटले जाते की ज्याने भोगले त्यानेच बोलावे, इतरांनी गप्प बसावे. यातला अर्धा भाग खरा आहे. दुःखाचा अर्थ भोगणाऱ्याने सांगावा. पण अन्याय थांबवण्याचे काम त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकून इतरांनी बाजूला होणे म्हणजे आदर नव्हे. सहस्रबुद्धे यांनी दलितांचे दुःख सांगितले नाही. ज्या ग्रंथाने त्यांना उच्च ठरवले होते तो त्यांनी नाकारला. साथीचे खरे काम हेच आहे: आपल्याला मिळालेल्या फायद्याविषयी बोलणे.

कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगण्याची मोठी लाट १९७० नंतर आली. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले आणि दुसऱ्याविषयी वाटणारी सहानुभूती व स्वतः भोगलेले यांतला फरक मराठी वाचकाला कायमचा कळला. त्या पुस्तकात दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसतात. सांगणे किती अवघड असते हे त्या रचनेतच दिसते. गाडलेले का उकरून काढता, आम्हाला पुन्हा लाज का आणता, असे अशा आत्मकथनांच्या लेखकांना आपल्याच माणसांकडूनही ऐकावे लागले. फलटणच्या बेबी कांबळे यांनी तर कितीतरी वर्षे लिहिलेले लपवून ठेवले. त्या किराणा दुकान चालवत, माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचत, आणि दुकानात बसल्या बसल्या लिहीत. घरात कळू नये म्हणून वह्या दडवून ठेवत. फलटणमध्ये काम करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांना त्या लिहितात हे कळले, त्यांनी ते छापण्याचा आग्रह धरला, आणि 'जिणं आमुचं' १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः व १९८६ मध्ये पुस्तकरूपाने वाचकांपुढे आले. बर्नसन यांनी बेबीताईंची कहाणी स्वतःच्या शब्दांत सांगितली नाही. वह्यांना छापखान्याची वाट दाखवली. आणि कधी लिहायचे, किती वर्षे झाकून ठेवायचे, काय उघड करायचे, हे ठरवणारी बाई एकच होती.

सांगणाऱ्याच्या पदरी काय पडते, याचे सर्वात कठोर उदाहरण राजस्थानातले आहे, पण त्याचा परिणाम आपल्या प्रत्येक ऑफिसात आहे. भंवरीदेवी या सरकारी महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत. १९९२ मध्ये एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केल्यानंतर त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या गप्प बसल्या नाहीत. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. पण विशाखा आणि इतर संघटनांनी प्रश्न वेगळा मांडला: काम करताना बाईला संरक्षण देणे ही कोणाची जबाबदारी? १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखा मार्गदर्शक तत्त्वे दिली, आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, तिच्यात बाहेरच्या संस्थेतला एक सदस्य हवा, आणि तक्रारदाराचे नाव उघड करायचे नाही. या शेवटच्या दोन तरतुदींत दीडशे वर्षांचा धडा आहे. एक, साथ ही कोणाच्या चांगुलपणावर सोडलेली नाही. तिला समितीत खुर्ची दिली आहे. दोन, न्याय मागण्यासाठी सर्वांसमोर स्वतःला उघडे करण्याची अट काढून टाकली आहे. गप्प राहण्याचा हक्क हा बोलण्याच्या हक्काचाच भाग आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: ऑफिस हे कामाचे ठिकाण आहे, तिथे जात, लिंग, अपंगत्व हे खासगी विषय कशाला? आक्षेप घेणारे सगळे दुष्ट नसतात. कामावरून माणूस जोखावा ही इच्छा चांगलीच आहे. पण खासगी आयुष्य ऑफिसात आधीच आलेले असते. बडोद्याच्या कचेरीत शिपाई बाबासाहेबांच्या टेबलावर फायली लांबूनच टाकत. त्यांनी आपली कहाणी तिथे कोणाला सांगितली नव्हती. आजही नव्या माणसाला पूर्ण नाव विचारले जाते, आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारले जाते, आणि मग डब्याकडे पाहिले जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कहाण्या ऐकल्याशिवाय माणसांना कळणार कसे? आकडे कोणाला हलवत नाहीत. हे मला मान्य आहे. 'बलुतं' वाचून जे कळते ते अहवाल वाचून कळत नाही. पण म्हणूनच, जे छापून आले आहे ते आधी वाचावे. एवढी आत्मकथने ग्रंथालयात असताना शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे, ही अपेक्षा त्याच्यावर बोजा टाकते. त्याला बढती, सुट्टी, मूल्यमापन यांसाठी त्याच श्रोत्यांवर अवलंबून राहायचे असते, हेही विसरता येत नाही.

मराठीत साथ देणाऱ्या माणसासाठी आधी 'उद्धारक' होता, मग 'कैवारी' आला. मला 'पाठीराखा' हा शब्द सर्वात योग्य वाटतो, कारण पाठीराखा समोर उभा राहून दृश्य अडवत नाही. त्याचे काम रोजचे आणि साधे आहे. बैठकीत एखादीचे म्हणणे मध्येच तोडले गेले, तर तिचे बोलणे आधी पुरे होऊ द्या म्हणणे. भाड्याने घर शोधणाऱ्या सहकाऱ्याला आडनावावरून नकार मिळत असेल, तर घरमालकाला जाब विचारायला बरोबर जाणे. उतार नसलेल्या इमारतीत बैठक ठेवायची नाही, असे संबंधिताने मागण्याआधीच ठरवणे. तक्रार झाली की साक्ष द्यायला पुढे येणे, मग साहेबांची नाराजी ओढवली तरी चालेल. यांतल्या प्रत्येक गोष्टीत ऐकणाऱ्याचे काहीतरी खर्च होते, आणि तोच त्याचा वाटा आहे. पुढच्या वेळी कोणाला आपली कहाणी सांगायला बोलावण्याआधी आपण स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ती ऐकून झाल्यावर मी काय सोडायला तयार आहे? उत्तर 'काहीच नाही' असेल, तर त्या माणसाला बोलावू नये. बडोद्याच्या त्या दोन मित्रांनाही सगळी हकिगत कळली होती.