निर्णय न लागलेली स्पर्धा

युरोपांतील स्त्रियांच्या हँडबॉल-क्लबांची सर्वांत मानाची स्पर्धा म्हणजे चॅम्पियन्स लीग. तिच्या विजेत्यांची यादी चाळूं लागलें असतां २०१७, २०१८ व २०१९ या तीन वर्षांपुढें हंगेरींतील ग्योर या शहराच्या संघाचें नांव आढळतें. २०२१, २०२२ व २०२३ या तीन वर्षांपुढें नॉर्वेंतील क्रिस्तियान्सान येथील ‘व्हायपर्स’ या संघाचें. मधल्या २०२० सालापुढें कोणाचेंच नांव नाहीं. त्या हंगामांत सामने झालेच नाहींत असें मात्र नव्हे. सोळा संघ चार गटांत खेळले. त्यांतले बारा मुख्य फेरींत गेले. बारांचे आठ झाले. आणि अशा वेळीं महामारीनें क्रीडागृहांना कुलुपें लाविलीं. उपांत्यपूर्व फेरी रद्द झाली, पुढें बुडापेस्ट येथें व्हावयाचे अंतिम चार संघांचे सामनेहि रद्द झाले, आणि करंडक कोणासच दिला गेला नाहीं.

ही रिकामी जागा योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न केवळ क्रीडारसिकांपुरता नाहीं. जें प्रत्यक्ष घडलें नाहीं, पण घडलेंच असतें असें बहुतेकांस वाटतें, त्याचें श्रेय माणसाला द्यावें काय, असा तो प्रश्न आहे. आणि तो घरांत, कचेरींत व परीक्षामंडळांत नित्य उभा राहतो.

२०१९-२० च्या हंगामांत ग्योरचा संघ एकहि सामना हरला नव्हता. मागील तीन वर्षें करंडक त्याच्याच घरीं होता. तेव्हां चौथ्यांदा तो त्यालाच देऊन टाकावयास काय हरकत होती, असें कोणीहि विचारील. असें केल्याचें उदाहरणहि आहे. त्याच वर्षीं फ्रान्समधील फुटबॉलची मुख्य साखळी एप्रिलमध्यें बंद करण्यांत आली, तेव्हां अग्रभागीं असलेल्या पॅरिसच्या संघास विजेता ठरविण्यांत आलें. उलट हॉलंडांत आयाक्स व आझेड या दोन संघांचे गुण सारखे होते, गोलांच्या हिशोबानें आयाक्स पुढें होता, तरी तेथील संघटनेनें अजिंक्यपद कोणासच दिलें नाहीं. एकच आपत्ति, आणि न्यायाच्या दोन कल्पना! तिसरी कल्पना आपल्या परिचयाची आहे. २००२ सालीं कोलंबो येथें क्रिकेटच्या चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना दोन्ही दिवस पावसांत वाहून गेला, तेव्हां भारत व श्रीलंका यांस संयुक्त विजेते ठरविलें. त्या वांटणीनें दोन्हीं देशांतले लोक संतुष्ट झाले असतील. मला मात्र अर्धा विजय ही वस्तु काय आहे, हें अद्याप समजलेलें नाहीं.

क्रिकेटमध्यें पावसासाठीं डकवर्थ-लुईस यांचें गणित लावितात, हा दाखला येथें लागूं पडत नाहीं. खेळाडू मैदानांत उतरतो तो तें गणित मान्य करूनच उतरतो; तें खेळाच्या नियमांचाच भाग असतें, आणि फलंदाज आकाशाकडे पाहून आपली चाल बदलीत असतो. सामना मोडल्यावर मागाहून लावलेला अंदाज ही निराळी गोष्ट आहे.

आम्हां अध्यापकांना त्याच वर्षीं अगदीं याच जातीच्या प्रश्नास तोंड द्यावें लागलें. अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेतां पदव्या द्याव्या, असें महाराष्ट्र सरकारचें म्हणणें होतें. विद्यापीठ अनुदान आयोगाचें म्हणणें विरुद्ध होतें. आणि २०२० च्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानें परीक्षेवांचून पदवी देतां येणार नाहीं असा निर्णय दिला. निर्णयाविषयीं मतभेद असूं शकेल. पण पदवीच्या बाबतींत अनुमानाला निदान जागा तरी आहे. पदवी म्हणजे अंगच्या योग्यतेचा दाखला. योग्यता ही टिकाऊ वस्तु असल्यामुळें पांच सत्रांवरून सहाव्याचा तर्क करणें सर्वस्वीं अशास्त्रीय म्हणतां येणार नाहीं. करंडकाचें तसें नाहीं. तो योग्यतेचा दाखला नव्हेच. तो एका कृत्याची नोंद आहे: अमुक दिवशीं, अमुक ठिकाणीं, या संघानें त्या संघाला हरविलें. योग्यतेचें अनुमान करतां येतें. कृत्याचें अनुमान करून तें झालें असें लिहितां येत नाहीं.

ग्योरचाच इतिहास पाहावा. २०१७ व २०१८ या दोन्ही वर्षीं अंतिम सामन्यांत त्याची गांठ स्कोप्ये येथील वार्दार संघाशीं पडली. दोन्ही वेळां ठरलेल्या साठ मिनिटांत निकाल लागला नाहीं, आणि दोन्ही वेळां जादा वेळांत ग्योर अवघ्या एका गोलानें जिंकला—३१ विरुद्ध ३०, आणि २७ विरुद्ध २६. या एकेका गोलाचें अनुमान जगांतला कोणता तर्कशास्त्रज्ञ आधीं करूं शकला असता? ॲरिस्टॉटलनें उद्यांच्या आरमारी लढाईचें उदाहरण घेऊन असा प्रश्न उपस्थित केला होता कीं, ‘उद्यां लढाई होईल’ हें वाक्य आज खरें कीं खोटें? बुडापेस्टची लढाई तर झालीच नाहीं. ‘ग्योर जिंकला असता’ हें वाक्य खरेंहि नव्हे, खोटेंहि नव्हे. आणि अशा वाक्यावर करंडक ठेवतां येत नाहीं.

येथपर्यंत माझा निर्णय संघटनेच्या बाजूचा आहे. परंतु अशा वेळीं आपल्याकडील कांहीं विद्वान् जें समाधान सांगतात, तें मला पटत नाहीं. ते म्हणतात, करंडक मिळाला नाहीं तर बिघडलें काय? कर्मावर आपला अधिकार, फळावर नाहीं. त्या मुली खेळल्या यांतच सर्व आलें. गीतेचा हा उपदेश लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’नें १९१५ पासून सुशिक्षित मराठी घरांत खोल रुजविला आहे, आणि त्याची थोरवी मी नाकारीत नाहीं. पण तो दुसऱ्याच्या हानीवर लावावयाचा लेप नव्हे. शिवाय या खेळाच्या बाबतींत तो जरा जपूनच लावावा लागेल.

हँडबॉल आपल्याकडे शाळा-कॉलेजांतून खेळतात, तरी त्याचा एक नियम फारसा कोणाच्या ध्यानांत आलेला नसतो. मैदान ४० मीटर लांब व २० मीटर रुंद. प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह सात जण. गोलापुढें ६ मीटरांवर एक कमानदार रेषा, तिच्या आंत गोलरक्षकावांचून कोणीं पाऊल टाकावयाचें नाहीं. म्हणून खेळाडू रेषेबाहेरून उडी घेते आणि पाय जमिनीला लागण्यापूर्वीं, हवेंत असतांनाच, चेंडू फेकते. चेंडू हातीं धरून तीन पावलांपेक्षां अधिक टाकतां येत नाहींत, तीन सेकंदांपेक्षां अधिक थांबतां येत नाहीं. हें सर्व ठीक. पण याहूनहि पुढें जाऊन असा नियम आहे कीं, एखादा संघ गोल करण्याचा खरा यत्न न करतां चेंडू नुसता आपसांत फिरवीत राहिला, तर पंच हात वर करून इशारा देतो. आणि मोजक्या फेकींच्या आंत गोलावर चाल झाली नाहीं, तर चेंडू काढून प्रतिपक्षाला देतो. म्हणजे फळाची इच्छा न धरणें हाच येथें अपराध! सामना कितीहि सुंदर चालला असो, ज्याच्या मनांत गोल नाहीं त्याच्या हातीं चेंडू राहूं द्यावयाचा नाहीं, असें हें शास्त्र सांगतें.

मला वाटतें, यांत तत्त्वज्ञानाचें एक मर्म आहे. कर्म आणि फळ यांची फारकत जितकी सहज आपण बोलून दाखवितों, तितकी ती कित्येक कर्मांत संभवतच नाहीं. बी पेरणारा पिकाची आशा करीत नसेल, तर तो पेरीत नाहीं, दाणे फेकतो. हँडबॉलच्या खेळाडूला गोलाची, गोलांतून सामन्याची, सामन्यांतून स्पर्धेची इच्छा सोडतां येणार नाहीं. ती इच्छा हीच त्या कर्माची घडण आहे. सोडतां येण्यासारखें असेल तर तें त्यापलीकडचें: बक्षिसाचा पैसा, कीर्ति, वृत्तपत्रांतलें छायाचित्र. तेव्हां २०२० सालीं त्या आठ संघांतील स्त्रियांनीं जें गमावलें, तें वरचें फळ नव्हतें. त्यांचें कर्मच अर्ध्यावर कापलें गेलें. त्याबद्दल त्यांना दुःख झालें असल्यास त्यांना आसक्त म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

आणि आतां एक अप्रिय गोष्ट. पुरुषांच्या त्याच स्पर्धेचेहि उपांत्यपूर्व सामने महामारीनें बुडाले होते. पण त्यांचे अंतिम चार संघांचे सामने मात्र रद्द न करतां पुढें ढकलले, आणि २०२० च्या डिसेंबरअखेर कोलोन येथें, प्रेक्षकांवांचून, खेळविले. कीलच्या संघानें बार्सिलोनाला ३३ विरुद्ध २८ असें हरविलें. म्हणजे पुरुषांच्या यादींत २०२० ची जागा भरलेली आहे; स्त्रियांच्या यादींत ती रिकामी आहे. त्या डिसेंबरांत स्त्रियांच्या राष्ट्रीय संघांची युरोपीय स्पर्धा डेन्मार्कमध्यें होती, तेव्हां तो महिना त्यांना मोकळा नव्हता, हें खरें. आरोग्याच्या अडचणीहि कोणीं कल्पनेनें निर्माण केल्या नव्हत्या. तथापि रिकामी जागा ठेवण्याचें जें समर्थन मी वर केलें, तें सत्याच्या नांवानें केलें. आणि सत्याची चाड असणाऱ्यानें आधीं सामना व्हावा म्हणून दोन्हींकडे सारखीच धडपड करावयास हवी. एकासाठीं आठ-नऊ महिने वाट पाहावयाची व दुसऱ्यासाठीं हंगामच मिटवावयाचा, यांत वाईट हेतु नसेलहि; पण कोणाचा निकाल लागणें अगत्याचें आणि कोणाचा न लागला तरी चालेल, याविषयींचा जुना संस्कार त्यांत मला दिसतो. आपल्या घरांतहि मुलाची परीक्षा आणि मुलीची परीक्षा एकाच दिवशीं आली म्हणजे हा संस्कार ओळखूं येतो.

पुढल्याच हंगामांत, २०२१ सालीं, ग्योरचा संघ पुन्हां बुडापेस्टला पोंचला. उपांत्य सामन्यांत फ्रान्समधील ब्रेस्त संघाशीं बरोबरी झाली आणि सात मीटरांवरच्या फेकींत ग्योर हरला. ब्रेस्तला अंतिम सामन्यांत व्हायपर्सनें ३४ विरुद्ध २८ असें हरविलें. यावरून ग्योर २०२० सालींहि हरलाच असता, असें अर्थातच सिद्ध होत नाहीं. मी त्याचा उल्लेख करतों तो निराळ्या कारणासाठीं. ग्योरच्या आनिता गोर्बिट्स यांचें सारें क्लबजीवन त्या एका संघांत गेलें. २००५ सालीं जगांतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यांची निवड झाली होती, आणि ग्योरनें २०१३ पासून जिंकलेल्या पांचहि करंडकांत त्यांचा वाटा होता. सामने थांबले तेव्हां त्यांचें वय छत्तीस होतें. २०२१ सालीं, तिसऱ्या क्रमांकाचा सामना खेळून, त्यांनीं निवृत्ति स्वीकारली.

व्हायपर्सचा क्लब २०२५ च्या जानेवारींत, ऐन हंगामांत, दिवाळखोरींत निघाला आणि स्पर्धेंतून बाहेर पडला. तीन वर्षांपुढें त्याचें नांव मात्र यादींत तसेंच आहे. ग्योरनें २०२४ व २०२५ सालीं पुन्हां करंडक जिंकला. त्या संघांत गोर्बिट्स नव्हत्या.